पडाचे मांस

मांस खाणे वाईट का, असे एखाद्या शाकाहारी गृहस्थास विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : त्यासाठी जीव घ्यावा लागतो. उत्तर चांगले आहे. त्यात मुक्या प्राण्याविषयी कणव आहे आणि स्वतःच्या जिभेला लगाम घालण्याची तयारीही आहे. परंतु या उत्तरातून एक उपप्रश्न निघतो, तो सहसा कोणी विचारीत नाही. जे जनावर म्हातारपणाने गोठ्यात मेले, कड्यावरून घसरून मेले किंवा ज्याला पान लागले, त्याचे मांस कोणी खाल्ले तर? तेथे सुरी चालली नाही. जीव घेतल्याचे पाप ज्याच्या माथी मारावे, असा माणूसच तेथे नाही. अहिंसेच्या काट्यावर तोलले तर हे मांस सर्वांत निर्दोष ठरावयास हवे. प्रत्यक्षात आपल्या समाजाने याच मांसाला सर्वांत हीन मानले, आणि ते खाणाऱ्या माणसाला त्याहून हीन मानले. बोकड कापून खाणारा गावात मानाने मिरवला; कोणाचाही जीव न घेता मेलेल्या बैलाचे मांस खाणारा मात्र वेशीबाहेर राहिला.

हा उलटा न्याय कसा झाला, हा आजचा विषय आहे. विषय ओंगळ वाटेल हे मी जाणतो. वसंत ऋतूत, संध्याकाळच्या वाऱ्यात, काव्यशास्त्रविनोद सोडून हे काय काढले, असेही कोणाच्या मनात येईल. परंतु चौक, कर्जत, खालापूर हा सारा मुलूख ज्या कुलाबा जिल्ह्यात मोडत असे (१९८१ पासून आपण त्याला रायगड म्हणतो), त्याच जिल्ह्यात महाडास १९२७ साली या प्रश्नाचा जाहीर खल झाला, आणि ज्यांच्या ताटाशी त्याचा संबंध होता त्यांनीच तो केला. तेव्हा तो विषय आपल्या घरचाच आहे.

प्रथम शब्दाविषयी. खेड्यातील मराठीत मेलेल्या जनावराला 'पड' म्हणत आणि त्याच्या मांसाला 'पडाचे मांस'. 'मृतमांस' हा पुढचा, सभेतला आणि वर्तमानपत्रातला शब्द. दोन्ही शब्द मी येथे वापरणार आहे.

या मांसाविषयी धर्मशास्त्रांनी काय म्हटले हे पाहू लागलो तर मोठी मौज दिसते. मांसाच्या शुद्धतेचा विचार करताना मनुस्मृतीचा पाचवा अध्याय कुत्र्यांनी मारलेल्या जनावराचे मांस शुद्ध ठरवितो. हिंस्र पशूंनी मारलेल्या शिकारीचेही तसेच. म्हणजे जनावर माणसाने मारलेले नसले, तरी तेवढ्याने ते त्याज्य होत नाही. बौद्धांच्या विनयपिटकात सिंहाच्या आणि वाघाच्या उष्ट्याची हकीकत आहे. भिक्षूंनी सिंहाने टाकलेले मांस शिजवून खाल्ले आणि मग त्यांना शंका आली, की ही चोरी तर झाली नाही ना? बुद्धांनी सांगितले, की जनावराच्या मालकीच्या वस्तूबाबत चोरीचा दोष लागत नाही. भिक्षूंची शंका मांसाविषयी नव्हती, मालकीविषयी होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. माणसाने दिलेल्या मांसाबद्दल तेथील नियम असा, की ते आपल्यासाठी मारले आहे असे भिक्षूने पाहिलेले नसावे, ऐकलेले नसावे आणि तशी शंकाही त्याला नसावी. या नियमात आपोआप मेलेले जनावर सहज बसते.

याच्या अगदी उलट टोकाला जैन आचार्य उभे आहेत. दहाव्या शतकातील अमृतचंद्रसूरींनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' या ग्रंथात नेमका आपलाच प्रश्न घेतला आहे. रेडा किंवा बैल आपण होऊन मेला, तर त्याचे मांस खाण्यात हिंसा आहे काय? त्यांचे उत्तर, आहे. मेलेल्या मांसात निगोद नावाचे अतिसूक्ष्म जीव अखंड उत्पन्न होत असतात. मांस शिजविताना आणि चावताना ते चिरडले जातात. या विचाराशी आधुनिक जंतुशास्त्राची गाठ घालून 'पाहा, आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे म्हणण्याचा मोह होतो; तो आवरावा. आचार्यांना जंतूंची लागण सांगावयाची नव्हती, त्यांना अहिंसेतली एक पळवाट बुजवावयाची होती. आणि ती त्यांनी फार प्रामाणिकपणे बुजविली. अहिंसेचा विचार शेवटपर्यंत नेणाऱ्याला मृतमांसही सोडावे लागते, पण त्याबरोबर बोकडही सोडावा लागतो. बोकड खाऊन पडाच्या मांसाला नाक मुरडण्याची सोय या तर्कात नाही.

आता आपल्या शेजारचेच एक उदाहरण. अलिबाग, पेण, पनवेल, रोहे या भागांत बेने इस्राएल समाज शतकानुशतके राहिला. तेलाचे घाणे चालवावयाचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवावयाचा, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. आज त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलात गेली आहेत. मराठी बोलणाऱ्या या यहुद्यांच्या धर्मग्रंथात आपोआप मेलेले जनावर निषिद्ध आहे. मोशेच्या पाच ग्रंथांपैकी पाचव्यात हा निषेध सांगून लगेच पुढे म्हटले आहे, की ते मांस तुमच्या वेशीच्या आत राहणाऱ्या उपऱ्याला द्यावे किंवा परक्याला विकावे. जे मला त्याज्य ते त्याला चालेल, कारण तो आपला नव्हे. आपल्या गावगाड्याची सारी रीत या एका आज्ञेत मावते. मात्र एक फरक आहे. तिसऱ्या ग्रंथात असेही सांगितले आहे, की कोणी ते मांस खाल्लेच, मग तो आपला असो की उपरा, तर त्याने कपडे धुवावेत, स्नान करावे. तो संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहील. संध्याकाळपर्यंत! आमच्याकडे ती संध्याकाळ शेकडो वर्षे झाली नाही, आणि ज्याने ते मांस कधी तोंडाला लावले नाही अशा मुलालाही जन्मतःच तो विटाळ चिकटला.

कोकणातील मुसलमान बांधवांच्या कुराणातही मृतमांस वर्ज्य आहे; परंतु भुकेने जिवावर बेतलेल्या माणसाने ते खाल्ले तर त्याला पाप नाही, अशी मोकळीक तेथेच दिली आहे. मासळीला मात्र यहुदी आणि इस्लामी दोन्ही शास्त्रांनी या नियमातून वगळले, आणि हे आपण किनारपट्टीच्या लोकांनी विचारात घेण्यासारखे आहे. मासा जाळ्यात येतो, पाण्याबाहेर तडफडतो आणि आपोआप मरतो. त्याच्या मानेवरून कोणी सुरी फिरवीत नाही. आपण चवीने खातो ते सुके बोंबील आणि सुकट काटेकोर अर्थाने मृतमांसच आहे. त्याला तसे कोणी म्हणत नाही, कारण कोळी ते आपल्या कष्टाने मिळवितो आणि बाजारात उभे राहून भाव करून विकतो. शब्द बदलतात ते वस्तू बदलल्यामुळे बदलतात असे नव्हे. ती वस्तू कोणाच्या हातून कशी आली, यावरूनही बदलतात.

गावगाड्यात पड कसे येई, हे आता पाहू. कुणब्याच्या गोठ्यात जनावर मेले म्हणजे महारवाड्यात सांगावा जाई. महारांनी यावे, दोर लावावा आणि ओढून गावाबाहेर न्यावे. हे काम वतनाचे. त्याला ना ठरलेली वेळ, ना रोख मजुरी. त्या कामाचा मोबदला म्हणजे तेच मांस. कातडे कोणाचे, याच्या रीती गावोगाव निराळ्या होत्या. कोठे ते मालकाकडे परत जाई, कोठे महारांकडे राही, आणि पुढे ढोर-चांभारांकडे कमावण्यास जाई. या हक्काला दंतकथेने मोठे तेज दिले होते. बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, अशी कथा सांगत, आणि मेलेल्या जनावरावरचा हक्क हा त्यांतलाच. वतनाच्या जमिनीलाही 'हाडकी-हाडवळा' असे नाव होते. जमिनीच्या नावातच हाडे आहेत, यावरून काय ते समजावे.

मांस आले म्हणजे त्याचे वाटे होत. उरलेल्या मांसाच्या लांबट पट्ट्या कापून उन्हात वाळवीत. त्यांना 'चान्या' म्हणत. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, त्या उपयोगी पडत. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनात, आणि त्यानंतरच्या अनेक दलित आत्मकथनांत, या साऱ्याचे चित्र आले आहे. तेथे भूक आहे, लाज आहे, आणि वाट्यावरून होणारी भांडणेही आहेत. ज्यांना ही भूक ठाऊक नाही त्यांनी ती वर्णने वाचून 'शी!' म्हणण्याची घाई करू नये. महाभारताच्या शांतिपर्वात बारा वर्षांच्या अवर्षणात विश्वामित्र चांडाळाच्या झोपडीतून कुत्र्याची तंगडी चोरावयास निघतो. चांडाळच त्याला धर्म समजावून सांगतो आणि ऋषी त्याच्याशी वाद घालून ती नेतो. ऋषीच्या वेळी त्याला आपद्धर्म म्हटले. महारवाड्यात दर वर्षीच आपत्काल होता, पण तेथे तो शब्द कोणी वापरला नाही.

महारांच्या पूर्वजांनी हे खाणे का पत्करले, याविषयी जुने समाधान असे, की चौदाव्या शतकाच्या अखेरीस दुर्गादेवीचा भयंकर दुष्काळ पडला, त्यात जीव वाचविण्यासाठी काहींनी मेलेली जनावरे खाल्ली आणि दुष्काळ सरल्यावर त्यांना परत घेतले गेले नाही. ही कथा खरी की खोटी, हा इतिहासकारांचा प्रश्न. तिच्यातली वेदना मात्र खरी आहे : एकदा उपाशी राहिल्याची शिक्षा किती पिढ्या?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली 'द अन्टचेबल्स' या ग्रंथात याहून वेगळी आणि अधिक धारदार उपपत्ती मांडली. पराभूत टोळ्यांतील फुटून निघालेली माणसे स्थिर गावांच्या बाहेर राखणदार म्हणून वसली. गावातले लोक ताज्या मारलेल्या गाईचे मांस खात. या गरीब लोकांच्या वाट्याला मेलेल्या गाईचे येई. पुढे गुप्तकाळात गोवध हा गुन्हा आणि गाय ही पवित्र ठरली, तेव्हा गावाने गोमांस सोडले. बाहेरच्यांनी ते का सोडले नाही? बाबासाहेबांचे उत्तर असे, की सोडण्याचे त्यांना कारणच नव्हते. ते गाय मारीतच नव्हते! कायद्याने बंदी होती ती मारण्यावर, अहिंसेचा आक्षेप होता तोही मारण्यावर. आणि हे तर मेलेली गाय खात होते. शिवाय तेच त्यांच्या पोटाचे मुख्य साधन होते. म्हणजे ज्यांनी नियम मोडला नाही तेच नियमाचे बळी ठरले. या उपपत्तीतील कालनिर्णयावर विद्वानांनी शंका घेतल्या आहेत आणि त्या घ्यावयास हरकत नाही. परंतु मी आरंभी सांगितलेला उलटा न्याय याहून नेमका कोणी पकडलेला माझ्या वाचनात नाही.

येथे एखादा सुशिक्षित गृहस्थ म्हणेल, हे सारे ठीक, पण आरोग्याचे काय? आरोग्याची हरकत खरी आहे आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. कापलेल्या जनावराचे रक्त वाहून जाते. मेलेल्याचे अंगातच गोठते, आणि आतड्यातले जंतू काही तासांत साऱ्या मांसात पसरतात. दुसरे असे, की जनावर 'आपोआप' मरत नाही. ते कशाने तरी मरते. घटसर्प, फऱ्या, काळपुळी ही नावे येथील शेतकऱ्यांस सांगावयास नकोत. काळपुळीने मेलेले जनावर तर फाडूसुद्धा नये, असे पशुवैद्य बजावतात. हवा लागताच त्या जंतूंची बीजे बनतात, ती मातीत वर्षानुवर्षे जगतात आणि माणसालाही मारतात. शिजविल्याने बरेच जंतू मरतात. काही विषे तशीच राहतात. तेव्हा आजारी जनावराचे मृतमांस खाऊ नये, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

मात्र हे कारण आपल्या समाजाने पुढे केले असे समजू नये. त्या मांसाने महारवाड्यात रोग पसरेल, या काळजीपोटी कोणा पाटलाने आपले जनावर स्वतः पुरल्याची रीत आपल्याकडे पडली नाही. जनावर रोगाने मेले तरी सांगावा जातच होता. उलट गुरे पटापट मरू लागली, की ओढून नेणाऱ्यांवरच विष घातल्याचा आळ येण्याची भीती. उत्तर हिंदुस्थानात तर एकोणिसाव्या शतकात कातड्यासाठी गुरांना सोमल घातल्याचे आरोप चांभारांवर सर्रास झाले. या आरोपांत एक धडा आहे तो असा : मेलेल्या जनावरावर ज्याचे पोट अवलंबून ठेवाल, त्याच्याकडे ते मेल्याबरोबर संशयाने पाहाल. त्याची गरजही तुमचीच निर्मिती, आणि संशयही तुमचाच.

आता महाड. १९ आणि २० मार्च १९२७ या दिवशी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद तेथे भरली. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी चवदार तळ्याचे पाणी घेण्यात आले, त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ले झाले, हे आपण सर्व जाणता. तळ्याच्या त्या घटनेच्या तेजात परिषदेतील बाकीचे काम झाकून गेले आहे. अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी जमलेल्या लोकांना मृतमांस सोडण्यास, गावचे शिळे तुकडे मागणे बंद करण्यास सांगितले. सैन्याची दारे बंद झाल्याने आपल्या समाजाची कशी पीछेहाट झाली, हे सांगून शेतीकडे, नोकरीकडे, स्वावलंबनाकडे वळा, असे ते म्हणाले. आपल्या मुलांची स्थिती आपल्याहून बरी व्हावी असे न वाटणाऱ्या आईबापांत आणि पशूंत फरक काय, असा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षी डिसेंबरात महाडास पुन्हा परिषद भरली, तेव्हा त्यांनी स्त्रियांना वेगळे संबोधून राहणीविषयी सांगितले आणि मृतमांस घरात येऊ देऊ नका, असे बजावले. चूल ज्यांच्या हाती, निर्णयही त्यांच्या हाती दिला.

मार्चच्या परिषदेचे ठराव पाहण्यासारखे आहेत. त्यांत एक विनंती सवर्ण हिंदूंना होती : आपली मेलेली जनावरे आपण स्वतः पुरावीत. दुसरी सरकारला होती : अस्पृश्यांनी मृतमांस खाण्यास कायद्याने बंदी करावी. स्वतःवरच बंदी घाला, असे मागणारे लोक विरळा. पण मला यातला हेतू असा दिसतो, की वतनदार महार गावाला 'नाही' म्हणाला तर ती त्याची मगरुरी ठरते. कायदाच आड आला, म्हणजे त्याला नकाराला आधार मिळतो. दोन ठराव एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे अर्थ उलगडतो. एकाने खाणे बंद करावयाचे, दुसऱ्याने देणे बंद करावयाचे.

या त्यागाची किंमत कोणी दिली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. ज्या घरात वर्षाकाठी तेवढेच काय ते पोटभर मांस, त्या घराने ते सोडले. ज्यांनी ढोरे ओढण्याचे नाकारले त्यांच्यावर गावांनी बहिष्कार टाकले. मजुरी बंद, दुकानातला माल बंद, रानातली वाट बंद. एवढ्यावर भागले नाही. हे लोक आपला फायदा कसा घालवीत आहेत, याचा हिशेब कोणी 'केसरी'त मांडला. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात, म्हणजे धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, ही जुनी हकीकत सांगितली आहे. शिंगे, खूर, कातडे, हाडे, मांस मिळून गावाला वर्षास पाचशे रुपये सुटतात, असा तो हिशेब होता. त्यावर त्यांचे म्हणणे असे, की एवढा फायदा असेल तर तुम्हीच का घेत नाही? मीच वर पाचशे रुपये देतो. दूध तुम्ही प्यावे आणि गाय मेली की ओढावयास आम्ही यावे, हे कसे? आपल्या मेलेल्या आईला खांदा तुम्हीच देता ना? या उत्तरात मांस शुद्ध की अशुद्ध, याचा शब्दही नाही. मृतमांस सोडा असे सांगताना ते खाणारा पापी असतो असे बाबासाहेबांना म्हणावयाचे नव्हते. ते मांस ज्या हाताने फेकले जात होते त्या हाताकडे ते बोट दाखवीत होते.

महात्मा गांधींनीही अस्पृश्य बांधवांना मृतमांस सोडण्यास सांगितले, पण त्यांचा मार्ग निराळा. कत्तलीच्या जनावराचे कातडे त्यांना नको होते. आपोआप मेलेल्या जनावराचे हवे होते. वर्ध्याजवळ नालवाडीस चर्मालय निघाले, ते याच विचारातून. मेलेल्या ढोराचे कातडे, हाडे, चरबी यांचा शास्त्रशुद्ध उपयोग करावा, मांसाचे खत करावे, आणि त्या कामाला प्रतिष्ठा द्यावी. पायात वाहण चालते पण ताटात मांस चालत नाही, ही विसंगती वाटेल. परंतु गांधींचा भर कामाच्या प्रतिष्ठेवर होता. बाबासाहेबांचा आक्षेप असा, की ज्याला ते काम सोडण्याची मुभाच नाही त्याला त्याची प्रतिष्ठा सांगणे म्हणजे बेडीला मुलामा देणे. मला बाबासाहेबांचे म्हणणे पटते. तरीसुद्धा आपल्या कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी जे केले त्याला मी वेगळे मोजतो. ब्राह्मण घरात जन्मलेल्या या गृहस्थाने भंगीकाम केले, मेलेली जनावरे स्वतः सोलली, आणि कणकवलीस १९४८ साली गोपुरी आश्रम काढून तेथे हे काम चालविले. त्यांनी दुसऱ्याला प्रतिष्ठा सांगितली नाही. सुरी आपल्या हातात घेतली. असे फार थोडे निघाले, हे दुर्दैव.

वतनाचे काय झाले? बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात १९२८ साली वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. ते तडीस गेले नाही. हलकी गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. त्याच सुमारास धर्मांतराची लाट गावोगाव पोहोचली होती, आणि सांगावा आला तरी जावयाचे नाही, हे ठरून गेले.

मग जनावरे कोठे गेली? बरीच वर्षे ती गिधाडांकडे गेली. गावाबाहेर टाकलेले जनावर थवा तासाभरात साफ करी. काळपुळीच्या जंतूंनाही गिधाडाची पचनशक्ती भारी पडते. परंतु १९९० नंतर गिधाडेच मरू लागली. पांढऱ्या पाठीचे गिधाड १९९२ ते २००७ या काळात भारतात ९९ टक्क्यांहून अधिक घटले. कारण सापडले ते २००४ साली : गुरांना वेदना कमी होण्यासाठी टोचलेले डायक्लोफेनॅक. औषध घेतलेले जनावर मेले, की त्याच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई आणि मूत्रपिंडे निकामी करी. २००६ साली गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. आपल्या जिल्ह्यात म्हसळ्याकडे चिरगाव परिसरात गिधाडे राखण्याचा प्रयत्न चालत आला आहे, तो या आपत्तीनंतरचा. रोगाने मेलेले जनावर ज्याला पचते, त्याला आपण औषध दिलेले जनावर पचले नाही. 'नैसर्गिक मृत्यू' हा शब्द आपण किती सैल वापरतो, ते यावरून कळावे.

तो शब्द दुसऱ्याही बाजूने तपासला पाहिजे. महाराष्ट्रात गोवधबंदी १९७६ च्या कायद्याने होतीच. २०१५ पासून बैल आणि वळू यांनाही ती लागू झाली. आता म्हातारा बैल कसायाकडे जाऊ शकत नाही. ज्याला त्याला मरेपर्यंत पोसण्याची ऐपत आहे तो पोसतो. ज्याला नाही, तो त्याला दावणीला उभा ठेवतो आणि पेंढीची अर्धी पेंढी करतो, किंवा रात्री माळावर सोडून देतो. बैल महिना-दोन महिन्यांत मरतो. कोणी मारला नाही! त्याच्या मृत्यूला नैसर्गिक म्हणावयाचे असेल तर म्हणावे. मला ते जड जाते. शेतकऱ्याला दोष देण्याचा हेतू नाही. वैरणीचे दर ज्याला ठाऊक आहेत तो देणारही नाही. परंतु सुरी न लागलेला प्रत्येक मृत्यू निर्दोष असतो, हा समज सोडावा लागेल. आणि तो सोडला, म्हणजे मृतमांस हे अहिंसेच्या काट्यावर आपोआप शुद्ध, हे माझे आरंभीचे गृहीतकही तितकेसे पक्के राहत नाही.

ढोर ओढण्याचा प्रश्नही संपलेला नाही. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना तालुक्यातील मोटा समढियाळा येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गोहत्येचा आळ घेऊन बेदम मारले. गाय मारली नव्हती, मेली होती. बाबासाहेबांनी ग्रंथात मांडलेला तर्क पुन्हा एकदा रस्त्यावर घडला. त्यानंतर सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरे गाड्यांतून आणून जिल्हाधिकारी कचेरीपुढे टाकली. महाडच्या ठरावातली विनंती नव्वदाव्या वर्षी अशा रीतीने सरकारदरबारी पोहोचली.

आणि खाण्याचे काय झाले? ज्या समाजाने ते सोडले त्याच्या नव्या पिढीतून आता कोणी कोणी त्याविषयी मान वर करून लिहू लागले आहेत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांचे खाणे नोंदवून ठेवले आहे, चान्यांसह. तेल महाग म्हणून न वापरलेले, मसाला नाही म्हणून वेगळ्या चवीचे झालेले पदार्थ तेथे आहेत. काही वृद्धांना हे आवडत नाही. एवढ्या कष्टाने सोडलेले पुन्हा कशाला उकरावे, असे ते म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे सहज बाजूला सारता येण्यासारखे नाही. पण महाडास जे सोडले ते स्वतःच्या मनाने सोडले होते. तेव्हा त्याची आठवण काढावी की काढू नये, हेही त्यांच्याच मनावर आहे. बाकीच्यांनी त्यात पडण्याचे कारण दिसत नाही.

आपल्यासमोर राहते ते गोठ्यातले जनावर. पशुवैद्यास दाखवावे, कशाने मेले ते विचारावे. खड्डा खोल, विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, वर चुना. हल्ली त्याला जेसीबी मिळते आणि चालकाला तासाचे पैसे द्यावे लागतात. जनावर खड्ड्यापर्यंत न्यावयास चार माणसे लागतातच. ती चार माणसे आजही कोठल्या आळीतून बोलावली जातात, हे प्रत्येकाने आपापल्या गावी जाऊन पाहावे.